दोघांचं एकमत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंकडे जाऊन नुसता चहा पिऊन परत आलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे. चहा मिळतो, त्याच्याबरोबर निफाडच्या बेदाण्यांची वाटी मिळते, पण त्याआधी एक फिल्म बघावी लागते. फिल्म म्हणजे तीन तासांची नव्हे. पाच मिनिटांची, सात मिनिटांची, फार तर पंधरा. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात कुणा पोरापोरींनी जीव ओतून केलेली. कधी मातीच्या बाहुल्यांची, कधी नुसत्या रेघांची, कधी एकही शब्द नसलेली. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीत सिलिंडरवाला, वायरमन, पोलिओचे थेंब पाजायला आलेल्या ताई, यांच्यापैकी कोणीही या नियमातून सुटलेलं नाही. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना एकदा पुढच्या पूजेची घाई होती. आरती झाल्याझाल्या काकांनी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि एका गोगलगाईची फिल्म लावली. गोगलगाय रस्ता ओलांडते, एवढीच गोष्ट. पुढच्या यजमानांचे फोनवर फोन येत होते आणि गुरुजी ‘निघालोच, निघालोच’ म्हणत गोगलगाईकडे बघत होते. ती पलीकडे पोचली तेव्हा त्यांनी नकळत हात जोडले, आणि मगच ते उठले.

मी त्यांना काका-काकू म्हणते, माझी लेक सईसुद्धा काका-काकूच म्हणते. पण पाठीमागे सगळी सोसायटी त्यांना ‘दोघे’ म्हणते, कारण त्यांची सहीच तशी आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर उजाडल्यापासून गुलाबाची फुलं, वाफाळते कप आणि आयुष्य कसं जगावं याचे सल्ले यांचा पाऊस पडत असतो. त्यात काका-काकूंचा शब्द नसतो. वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा ते जिना उतरून, दारात उभे राहून देतात. मात्र शनिवारी संध्याकाळी त्यांची एक लिंक येते आणि तिच्याखाली एक ओळ. ‘सहा मिनिटं. आवाज चालू ठेवावा. — दोघे.’ ‘चार मिनिटं. जेवताना बघू नये. — दोघे.’ एकदा ‘नऊ मिनिटं. सुनेबरोबर बसून बघावी. — दोघे’ अशी ओळ आली, तेव्हा बी विंगमधल्या दोन सासवा आठवडाभर काकूंशी बोलत नव्हत्या. पण फिल्म दोघींनी पाहिली होती, आणि सुनांबरोबर बसूनच पाहिली होती, हे मला सुनांकडून कळलं.

या नादाची सुरुवात भांडणातून झाली. काका अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला होते. आलेला प्रत्येक पार्ट मापाच्या गेजवर धरायचा आणि ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त होऊन घरी बसले आणि रिमोटवरून रोज ठिणगी पडू लागली. काकांना कुस्ती हवी, काकूंना मालिका. एकदा भाचीने फोनवर एक छोटीशी फिल्म पाठवली. ती बघताना भांडण सुरू करायच्या आत फिल्म संपली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि ‘परत लाव’ असं एकदम म्हणाले. काकू सांगतात, लग्नानंतर तोपर्यंत आम्ही एकदम एकच वाक्य कधी बोललो नव्हतो.

मग काकांनी त्याला कारखान्याची शिस्त लावली. फिल्म दोघांनी एकत्र बघायची, एकट्याने चोरून नाही. दोनदा बघायची. दोघांचं एकमत झालं तरच ती ‘पास’, आणि पास झालेलीच पुढे पाठवायची. आता कोणालाही वाटेल की आयुष्यभर रिजेक्ट म्हणणारे काका कडक आणि काकू मऊ. प्रत्यक्षात काकांचं रडू डोळ्यांच्या अगदी काठावर ठेवलेलं असतं. फिल्ममध्ये कुत्रा दिसला की ते चष्मा काढतात. ‘कुत्रा आला की यांचं मत धरायचं नाय,’ असा काकूंनी उपनियमच केला आहे. काकू निफाडच्या. द्राक्षबागेत वाढलेल्या, लहानपणापासून हातात कात्री धरून घडाची विरळणी केलेल्या. त्या म्हणतात, ‘जादाचे मणी काढले नाय तर राहिलेले फुगत नाय. या पोराच्या फिल्ममधे बघा, लय मणी ठेवलेत.’ आणि खरोखर ती फिल्म परत पाहिली की कुठले मणी जादा होते ते आपल्यालाही दिसायला लागतं. काकांना एखादी फिल्म फार आवडली आणि काकूंनी अडवली, की काका वाद घालत नाहीत. ते बाजारातून मेथीच्या जुड्या आणतात आणि गॅलरीत बसून निवडतात. आम्हाला खालून ते मेथी निवडताना दिसले की समजायचं, वर एक फिल्म अडकली आहे. एका हिवाळ्यात त्यांनी इतकी मेथी निवडली की आमच्या घरीही तीनदा मेथीचे पराठे झाले. फिल्म मात्र पास झाली नाही.

या घराचा सगळ्यांत कडक नियम शेवटच्या नावांचा. फिल्म संपते, पडदा काळा होतो, पांढरी नावं वर सरकू लागतात. सगळं जग तेव्हा उठतं. काका-काकूंच्या घरी मात्र तेव्हा उठलेल्या माणसाकडे, जेवणाच्या पंगतीतून मध्येच उठल्यासारखं बघतात. दोघेही ती नावं मोठ्याने वाचतात. आवाज कोणी धरला, दिवे कोणी लावले, गाडी कोणी चालवली, सगळ्यांची. नावं कोरियातली असोत की इराणमधली, एक ओळ काका वाचतात, एक काकू. जे वाचता येत नाही तिथे थांबून नुसती मान हलवतात, म्हणजे पोचलं. मी एकदा विचारलं, ‘काकू, ती माणसं कुठे, तुम्ही कुठे. त्यांना काय कळणार?’ तर म्हणाल्या, ‘लग्नात पोटभर जेवायचं, हात धुवायचा आन् चालू पडायचं, अशी माणसं मला आवडत नाय. आचाऱ्याला बघून तरी जावं. भेटला नाय तर निदान नाव विचारावं.’ त्या दिवसापासून मीही शेवटपर्यंत बसते.

एवढं सगळं चोख असलं तरी माणूस चुकतोच. आणि हे दोघे चुकले तेही असे, की तसं चुकायला त्यांच्याशिवाय कोणाला जमलं नसतं. सोसायटीच्या बागेतली जास्वंदीची फुलं पहाटे कोणीतरी तोडून नेत होतं. सेक्रेटरींनी कॅमेऱ्यात झालेलं चित्रण काढून ग्रुपवर टाकलं, खाली काहीच न लिहिता, कारण लिहिलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या. काळोखी बाग. बराच वेळ काहीच होत नाही. मग शालीत गुंडाळलेली एक वाकलेली आकृती येते, आजूबाजूला बघते, एक फूल तोडते, थबकते, फांदीवरून हात फिरवते, दुसरं तोडते आणि जाते. काका-काकूंनी नियमाप्रमाणे ते दोनदा पाहिलं. तासाभराने ग्रुपवर ओळ आली: ‘तीन मिनिटं. कॅमेरा एकदाही हलवलेला नाही. फांदीवरून हात फिरवला तिथे जीव आहे. शेवट मोकळा सोडलाय ते उत्तम. करणाऱ्याचं नाव कळवावं. — दोघे.’ शिवाय ती मालेगावच्या भाच्यांनाही पाठवून झाली होती, आणि तिकडून ‘अजून असल्या असतील तर धाडा’ असं उत्तरही आलं होतं. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी शाल पांघरून, जिना चढून वर गेल्या आणि दारातच काकूंना विचारत्या झाल्या, ‘खरंच बरं झालंय का गं माझं काम?’ काकूंनी त्यांना आत घेतलं, चित्रण पुन्हा लावलं आणि बेदाणे दिले. तेव्हापासून आजींच्या देवाला रोज दोन फुलं सोसायटीतर्फे जातात, सेक्रेटरी स्वतः तोडून देतात.

आमची सई या घरात वाढली, असं म्हटलं तरी चालेल. मी नोकरीवरून येईपर्यंत ती वर असायची, जमिनीवर मांडी घालून. अक्षरं नीट लागायच्या आधी ती काका-काकूंच्या मागोमाग नावं वाचायची. मोठी झाली, शिकली, अंबडला नोकरीला लागली, पण सुट्टीच्या दिवशी फोन आणि मैत्रिणी घेऊन कुठे कुठे काय काय चित्रित करत हिंडायची. दोनदा काहीतरी केलं आणि स्वतःच पुसून टाकलं. तिसऱ्यांदा मात्र तिने नेटाने एक फिल्म पूर्ण केली. तिच्या मैत्रिणीचे पंचवटीतले आजी-आजोबा त्यात काम करत होते, आणि माझी नवी चादर, दोन उशा आणि पितळी डबा हे सगळं त्यासाठी पंचवटीला जाऊन आलं. नाशकातच छोट्या फिल्मचा एक महोत्सव व्हायचा होता, तिथे पाठवायची शेवटची तारीख जवळ येत होती. मी म्हटलं, ‘दाखव की आम्हाला.’ तर म्हणाली, ‘आधी दोघे, मग तुम्ही. त्यांनी पास केली तरच पाठवणार. नाही केली, तर आई, खरं सांगते, हा नाद मी सोडून देणार आहे. रोज कामावर जाऊन येईन, झालं.’ हे ती हसत म्हणाली नाही.

तिने लिंक वर पाठवली आणि आम्ही शनिवारची वाट बघू लागलो. शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर ओळ आली, पण ती कुठल्यातरी शिंप्याच्या फिल्मची. सई जेवली आणि झोपली. पुढच्या शनिवारी पतंगाची फिल्म. रविवारी सकाळी मी कपडे वाळत घालायला गेले आणि वर बघितलं, तर काका गॅलरीत बसून मेथी निवडत होते. म्हणजे काकांना हवी आहे आणि काकूंनी अडवली आहे. माझ्या पोरीची! जिला यांनी मांडीवर बसवून नावं वाचायला शिकवली, तिची! मी त्या आठवड्यात वर एकही वाटी पाठवली नाही. पुरणपोळी केली आणि शेजारच्या विंगमध्ये वाटली, वास वर जाईल अशा बेताने खिडकी उघडी ठेवून. जिन्यात काका भेटले. इकडेतिकडे बघून पुटपुटले, ‘माझं पास आहे हो.’ आणि मी काही विचारायच्या आत उरलेला जिना भराभर चढले.

शेवटी तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी सईला हाताला धरून वर गेले. काय बोलायचं ते मी जिन्यात पाठ केलं होतं. दार काकूंनी उघडलं. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, ‘बस. तू पाह्यली का?’ मी म्हटलं, ‘नाही. मला कोण दाखवतंय?’ ‘मग आधी पाहा. मग बोल.’ त्या घरात दुसरी पद्धतच नाही. मी भांडायला आले होते आणि सोफ्यावर बसून माझ्या लेकीची फिल्म बघू लागले.

एक म्हातारा, एक म्हातारी. शनिवारी संध्याकाळी ती टीव्हीवर फिल्म बघत बसतात आणि भांडतात. तो रडतो, ती त्याला हसते. शेवटी नावं आली की दोघं आळीपाळीने वाचतात, एक ओळ त्याची, एक तिची. पुढचा शनिवार. त्याच्या पुढचा. माझी चादर फार छान दिसत होती. मग शेवटच्या शनिवारी म्हातारी एकटीच बसली आहे. फिल्म संपते, नावं येतात. ती एक ओळ वाचते आणि थांबते, त्याच्या ओळीपुरती जागा सोडते, आणि मग पुढची वाचते. पुन्हा थांबते. बस्स, तिथेच संपतं. मला हुंदका आवरेना. माझ्या शेजारी काका-काकू माझ्या पोरीचं आणि तिच्या मैत्रिणींचं नाव मोठ्याने वाचत होते, एक ओळ काका, एक काकू, आणि मी जिन्यात पाठ केलेलं सगळं विसरून गेले होते.

सई खाली बघत म्हणाली, ‘काकू, कुठे चुकलंय ते तरी सांगा. मणी जादा झालेत का?’

‘एक मणी जादा नाय,’ काकू म्हणाल्या. ‘या घरात आलेल्या फिल्ममधे इतकी चोख फिल्म मी लय दिवसांत पाह्यली नाय.’

‘मग?’

‘मग काय! ती बाई एकटी बसलीय शेवटी.’ काकूंनी पदराने टीव्ही पुसायला सुरुवात केली, जो अजिबात खराब नव्हता. ‘मी त्याला पास म्हणू? माझ्या तोंडाने? नाय म्हणणार.’

काका म्हणाले, ‘अगं, फिल्म आहे ती. मी हा इथे बसलोय ना, धडधाकट?’

‘बसलेत ना? मग गप बसा.’

सई रडवेली झाली होती. ती घाईघाईने म्हणाली, ‘माझ्याकडे दुसरा शेवट आहे, काकू. आम्ही तोही घेतला होता. ती थांबते, आणि आतून आजोबा चहा घेऊन येतात आणि उरलेली ओळ वाचतात. मी तो लावते. आजच लावते.’

काकू अशा वळल्या की मीच दचकले. ‘खबरदार! माझ्यासाठी खोटं करायचं नाय. घड चांगला आलाय तर कोणाच्या तोंडाकडे बघून त्याला कात्री लावायची नाय. आहे तशी पाठव, आजच पाठव. फिल्म बरोबर हाय, पोरी. माझं एकटीचंच जमत नाय, ते माझं मी बघीन.’ आणि त्यांनी सईच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग बेदाणे आणायला आत गेल्या आणि लवकर बाहेर आल्या नाहीत. काका आम्हाला हळूच म्हणाले, ‘क्वालिटीत होतो इतकी वर्षं. पार्ट चांगला आहे म्हणून कोणी परत पाठवलेला मी पहिल्यांदाच बघितला.’

सईने त्याच रात्री फिल्म पाठवली, आहे त्याच शेवटासह. ती निवडली गेली. महोत्सवाच्या दिवशी आमची निम्मी सोसायटी गंगापूर रोडच्या त्या लहानशा सभागृहात जाऊन बसली, तळमजल्यावरच्या आजीसुद्धा शाल पांघरून आल्या, कारण आता त्या स्वतःला या क्षेत्रातल्या समजतात. काकू येतील की नाही याची मला धाकधूक होती. त्या इरकल नेसून आल्या आणि काकांचा हात धरून पुढून दुसऱ्या रांगेत बसल्या. फिल्म झाली. टाळ्या पडल्या. पडदा काळा झाला, नावं सुरू झाली आणि लोक सवयीने खुर्च्यांवरून उठायला लागले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून काकूंचा आवाज आला, स्वच्छ, मोठा, जसा वरच्या मजल्यावरून येतो तसाच. त्यांनी पहिलं नाव वाचलं. दुसरं काकांनी. उठलेली माणसं उभ्या उभ्या थांबली, मग एकेक करून खाली बसली. आवाज कोणाचा, कॅमेरा कोणाचा, चादर कोणाची, सगळं वाचून झालं. सगळ्यांत शेवटी एक ओळ आली: ‘आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांना’. ती वाचायची पाळी काकूंची होती. त्या काही वाचेनात. सभागृह थांबलं. मग काकांनी घसा खाकरला आणि ती ओळ वाचली, काकूंच्या वाट्याची. मी पुष्कळ लोकांचे सत्कार पाहिले आहेत, पण त्या दिवशी माझ्या लेकीचा आणि त्या दोघांचा मला जो अभिमान वाटला, तसा कधी कोणाचा वाटला नव्हता. हे मी सरळच सांगते, त्यात लाजायचं काही नाही.

पुढच्या शनिवारी ग्रुपवर लिंक आली. सई फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात धावत आली आणि मला ओळ वाचून दाखवू लागली. ‘सात मिनिटं. नावांसकट बघावी. एकमत झालेलं नाही, तरी पाठवत आहोत. — दोघे.’ त्यांच्या नियमात असलं काही बसत नाही, हे आमच्या सोसायटीतल्या पोराटोरांनाही माहीत आहे. त्या रात्री मी पुरणपोळ्या केल्या आणि या वेळी वर पाठवल्या.

सईची आता दुसरी फिल्म चालू आहे, माझी दुसरी चादर गेली आहे. काका अजून मेथी निवडतात, काकू अजून अडवतात. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात, जिना उतरून शुभेच्छा द्यायला वेळ लागतो, म्हणून वाढदिवसाला आम्हीच वर जातो. शनिवारी संध्याकाळी मी भाजी चिरून ठेवते आणि खिडकी उघडते. वरून आधी नुसतं संगीत येतं, मग ते थांबतं आणि नावं सुरू होतात. एक ओळ काकूंची. मग मी हातातलं काम ठेवून उगीचच श्वास धरते. मग एक ओळ काकांची येते. ती ऐकली की मी गॅस पेटवते.